सीएफ८एमची केमिस्ट्री बसते, पण ईल्ड २०५ ला पोचत नाही. निकेल वाढवलं तर आणखी खाली गेलं!

शिरोली_मेल्ट

नमस्कार मंडळी. ५०० किलोची इंडक्शन भट्टी, ॲल्युमिनाचं न्यूट्रल लायनिंग, एओडी (आर्गॉन-ऑक्सिजन फुंकून कार्बन काढायची सोय) वगैरे काही नाही. साखर कारखान्याच्या रसाच्या लाइनसाठी व्हॉल्व्ह बॉडी ओततोय. ग्रेड एएसटीएम ए३५१ सीएफ८एम (३१६ स्टेनलेसचा ओतीव जोडीदार), जाडी साधारण ४० मिमी.

गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरनं चुंबक लावून बघितला, थोडा चिकटला. म्हणाला, "३१६ ला चुंबक लागत नाही, निकेल कमी टाकलंय तुम्ही." म्हणून निकेल १०.४ वरून ११.७ वर नेलं. चुंबक आता जवळजवळ लागत नाही, पण टेन्साइल फेल व्हायला लागलं. चालू हीटचे (एका वेळी वितळवलेल्या मालाचे) आकडे, टक्क्यांत:

कार्बन ०.०३, सिलिकॉन ०.४८, मँगनीज १.३५, क्रोमियम १८.१, निकेल ११.७, मॉली २.०५, नायट्रोजन ०.०३.
ईल्ड, म्हणजे माल कायमचा ताणला जायला लागतो तो ताण, १९६ एमपीए (पाहिजे किमान २०५), यूटीएस, म्हणजे बार सोसतो तो सगळ्यात जास्त ताण, ४८१ (पाहिजे ४८५), इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत वाढलेली लांबी, ५१ टक्के (पाहिजे ३०).
हीट ट्रीटमेंट १०६० अंशांवर एक तास, पाण्यात क्वेंच (झटकन गार).

केमिस्ट्री सगळी स्टँडर्डच्या आत आहे. निकेल महागाचं, ते वाढवलं तर माल भक्कम व्हायला पाहिजे ना? कुठलं मूलद्रव्य किती हलवू, ते आकड्यात सांगा. "क्रोमियम चांगलं असतं" असलं उत्तर नको.

---

यूटीएम_उद्यमनगर

केमिस्ट्रीला हात लावायच्या आधी टेस्टची खात्री करून घ्या. ऑस्टेनिटिक (मुख्यतः ऑस्टेनाइट या चुंबक न लागणाऱ्या रचनेच्या) स्टीलला माइल्ड स्टीलसारखा काटा थांबून ईल्ड दिसत नाही. वक्र सरळ रेषेतून हळूच वळतो, म्हणून ०.२ टक्के ऑफसेटनं काढावं लागतं आणि त्याला एक्स्टेन्सोमीटर (बारची वाढ मोजणारं यंत्र) बारवर लावलेलाच पाहिजे. क्रॉसहेडच्या हालचालीवरून काढलेलं ईल्ड धरू नका. त्यात जबड्यातली घसर मिसळते, सुरुवातीचा उतार चुकतो आणि आकडा २०-३० एमपीएनं इकडेतिकडे सहज होतो. बार जोरात ओढला तर ईल्ड उगाच जास्त दिसतं, म्हणजे तुमचं आणखीच झाकलं जातं.

दुसरं, बार कुठला? कील ब्लॉक (टेस्ट बारसाठी वेगळा ओतलेला ठोकळा) त्याच लॅडलमधून ओतलेला आणि कास्टिंगबरोबर त्याच भट्टीत, त्याच टोपलीत हीट ट्रीट झालेला पाहिजे. १२.५ मिमी व्यास, ५० मिमी गेज (वाढ मोजायची लांबी), म्हणजे चार पट व्यास. आपल्याकडे काही लॅबमध्ये सवयीनं पाच पट व्यासाच्या गेजवर इलाँगेशन घेतात. त्यात तोच बार दोन-चार टक्के कमी दाखवतो. टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) गेज लिहिलेलं आहे का बघा.

ईल्ड आणि यूटीएस दोन्ही एकाच बाजूला आणि थोडेच कमी आहेत, म्हणजे टेस्टची गडबड असण्याची शक्यता कमी. तरी एक बार दुसऱ्या मशीनवर ओढून घ्या, खर्च फार नाही.

---

धातुशास्त्र_कागल

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. इलाँगेशन ५१ आहे. म्हणजे श्रिंकेज पोरोसिटी (आकसून पडलेली छिद्रं) नाही, सिग्मा (क्रोमियमनं भरलेला ठिसूळ भाग) नाही, दाण्यांच्या कडेला कार्बाइडची जाळी नाही. यातलं काहीही असतं तर पहिला मार इलाँगेशनला बसला असता. माल खराब नाही, नुसता मऊ आहे. आणि तो मऊ केलाय निकेलनंच.

निकेलचा अणू लोखंडाच्या अणूएवढाच. ऑस्टेनाइटच्या जाळीत तो शिरला तरी जाळी फारशी ताणली जात नाही, त्यामुळं डिसलोकेशनला (जाळीतल्या सरकणाऱ्या दोषांना) अडवणारं काही तयार होत नाही. निकेलचं काम ऑस्टेनाइट टिकवणं, थंडीत टफनेस राखणं आणि काही आम्लांत गंज रोखणं. ताकद देणं हे त्याचं काम नाही.

ऑस्टेनिटिक स्टेनलेससाठी पिकरिंग या धातुशास्त्रज्ञाचं जुनं सूत्र आहे. टायटॅनियम, नायोबियम वगैरे सोडून दिलं तर ते असं:

ईल्ड (एमपीए) = १५.४ × (४.४ + २३ कार्बन + ३२ नायट्रोजन + १.३ सिलिकॉन + ०.९४ मॉली + ०.२४ क्रोमियम + ०.१६ डेल्टा फेराइट + ०.४६ भागिले दाण्याच्या व्यासाचं वर्गमूळ)

मूलद्रव्यं वजनी टक्क्यांत, डेल्टा फेराइट (ऑस्टेनाइटमध्ये मिसळलेली, चुंबक लागणारी रचना) टक्क्यांत, व्यास मिमीमध्ये. यात निकेल शोधून दाखवा! यूटीएसच्या सूत्रात निकेल आहे, पण एक टक्का वाढवल्यावर दोन एमपीएसुद्धा मिळत नाहीत.

हे सूत्र रोलिंग केलेल्या मालावर बसवलेलं आहे. ओतकामाचा दाणा कधीकधी दोन-तीन मिमीचा असतो, शिवाय मूलद्रव्यं सगळीकडे सारखी पसरलेली नसतात, म्हणून थेट आकडा जुळेल असं समजू नका. तुमच्या हीटला ते २१५ च्या आसपास सांगतं, मिळालं १९६. पण एका केमिस्ट्रीवरून दुसरीवर गेल्यावर फरक किती पडेल, हे ते चांगलं सांगतं. त्यावरून दर असे निघतात: नायट्रोजन ०.०१ टक्का वाढला की सुमारे ५ एमपीए, कार्बन ०.०१ ला साडेतीन, सिलिकॉन १ टक्क्याला २०, मॉली १ टक्क्याला साडेचौदा, क्रोमियम १ टक्क्याला जेमतेम पावणेचार आणि डेल्टा फेराइटच्या प्रत्येक टक्क्याला अडीच.

शेवटचा आकडा ओतकामात सगळ्यात मोलाचा. ३१६ च्या पत्र्यात फेराइट जवळजवळ नसतो, तुमच्या सीएफ८एममध्ये तो असायलाच पाहिजे. क्रोमियम, मॉली, सिलिकॉन हे फेराइटकडे ओढणारे, निकेल, कार्बन, नायट्रोजन, मँगनीज हे ऑस्टेनाइटकडे. किती फेराइट निघेल याचा अंदाज एएसटीएम ए८०० मधल्या शेफर आलेखावरून येतो:

क्रोमियम बाजू = क्रोमियम + १.५ सिलिकॉन + १.४ मॉली + नायोबियम − ४.९९
निकेल बाजू = निकेल + ३० कार्बन + ०.५ मँगनीज + २६ × (नायट्रोजन − ०.०२) + २.७७

तुमच्या हीटची क्रोमियम बाजू १६.७०, निकेल बाजू १६.३०. गुणोत्तर १.०२. आलेखात याला फेराइट पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यात ४० मिमीचा जाड भाग, दाणा मोठा, सिलिकॉन कमी, नायट्रोजन कमी, मॉली अगदी काठावर. ताकद देणारं जेवढं म्हणून होतं ते सगळं खाली, आणि जे ताकद देत नाही ते वर.

मी हे लक्ष्य धरीन: कार्बन ०.०४, सिलिकॉन १.१, मँगनीज १.० किंवा खाली, क्रोमियम १९.५, निकेल ९.८, मॉली २.२, नायट्रोजन ०.०५. क्रोमियम बाजू १९.२४, निकेल बाजू १५.०५, गुणोत्तर १.२८. फेराइट दहा ते पंधराच्या दरम्यान येईल, १२ धरू.

ईल्डचा हिशेब: फेराइट आठ टक्के वाढला त्याचे २०, सिलिकॉन ०.६२ वाढला त्याचे १२, नायट्रोजनचे १०, क्रोमियमचे ५, कार्बनचे साडेतीन, मॉलीचे २. सगळे मिळून ५० च्या वर. १९६ मधली दाणा आणि सेग्रेगेशनची (मूलद्रव्यं असमान पसरण्याची) तूट तशीच राहिली तरी तुम्ही २४५-२५० च्या आसपास जाल. आणि निकेल जवळजवळ दोन टक्के वाचेल.

माझ्या शब्दावर विश्वास नको असेल तर ए३५१ मध्येच सीएफ८ आणि सीएफ८ए (दोन्ही ३०४ चे ओतीव जोडीदार) शेजारीशेजारी बघा. केमिस्ट्रीची हद्द तीच, पण सीएफ८ ला ईल्ड २०५ आणि सीएफ८ए ला २४०. हे जास्तीचे ३५ एमपीए हद्दीच्या आत मूलद्रव्यं हलवून, फेराइट वाढवून मिळवायचे असतात.

---

गोकुळशिरगाव_लॅडल

वरचं सगळं बरोबर. आता भट्टीत काय टाकायचं ते.

तुमच्याकडे ११.७ निकेलचे रिटर्न (परत वितळवायचा उरलेला माल), रनर-रायजर पडले असतील. त्यातले २०० किलो घ्या. वर ३०४ चं स्वच्छ भंगार २५० किलो. यातून निकेल साधारण ४३.६ किलो, क्रोमियम ८१.५, मॉली साडेचार किलो येईल. ५०० किलोला हवं निकेल ४९, क्रोमियम ९७.५, मॉली ११. म्हणून निकेल ५.४ किलो, ६२ टक्क्यांचं फेरोमॉली साडेदहा किलो, ६५ टक्क्यांचं लो कार्बन फेरोक्रोम २४ किलो (जळून जाणारं धरून), ७५ चं फेरोसिलिकॉन ५ किलो आणि नायट्रोजनवालं फेरोक्रोम अडीच किलो. मॉली आणि निकेल सुरुवातीच्या चार्जमध्येच टाका, ते जळत नाहीत. क्रोमियम शेवटाकडे, सिलिकॉन टॅपिंगच्या दहा-बारा मिनिटं आधी.

अडीच किलो कसं आलं: ०.०२ टक्के नायट्रोजन म्हणजे ५०० किलोत १०० ग्रॅम. पाच टक्के नायट्रोजनचं फेरोक्रोम असेल तर २ किलो, पाचातला एक भाग उडतो असं धरून अडीच. पिशवीवरचा टक्का बघा, मालागणिक बराच फरक असतो. हे टॅपिंगच्या अगदी आधी टाकायचं आणि त्यानंतर भट्टी उगाच तापवत ठेवायची नाही.

नायट्रोजन ०.०८ च्या वर नेऊ नका. फेराइट जास्त असलेला माल आधी डेल्टा म्हणून गोठतो आणि डेल्टामध्ये नायट्रोजन कमी विरघळतो. मग सालीखाली उभी, किड्यासारखी छिद्रं पडतात. वरून कास्टिंग चकाचक, मशीनिंगला दोन मिमी उतरलं की भोकं. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या परीक्षेला) पाझर. युरियावालं फ्युरान रेझिन कोअरला वापरत असाल तर तिथूनही नायट्रोजन येतो. धातूत ०.०५ असताना छिद्रं दिसली तर आधी रेझिन तपासा. वाळू-कोअर ओली असेल तर हायड्रोजन बरोबर येतो आणि दोघं मिळून लवकर त्रास देतात.

डीऑक्सिडेशनला टायटॅनियम टाकू नका. ते नायट्रोजन धरून बसतं, टायटॅनियम नायट्राइडचे कोनेदार खडे होतात. ताकद देणारा नायट्रोजनही गेला आणि इलाँगेशनही. कॅल्शियम सिलिसाइड आणि मोजकं ॲल्युमिनियम पुरे. ॲल्युमिनियमही हात सैल सोडून टाकलं तर तेच होतं, शिवाय ऑक्साइडचे पापुद्रे धातूत अडकतात.

३०४ च्या भंगारात २०० सिरीजची भांडी मिसळून येतात, यावर लक्ष ठेवा. त्यात मँगनीज ७ ते १० टक्के, तांबं दीडच्या आसपास, निकेल नावापुरतं आणि नायट्रोजन ०.१ च्या वर. पन्नास किलो जरी गेलं तरी मँगनीज १.५ ची हद्द ओलांडतं आणि तांबं काढता येत नाही. चुंबकानं हे ओळखता येत नाही, कारण २०० सिरीजलाही चुंबक लागत नाही. पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं जागेवर ओळखणारं यंत्र) नसेल तर मँगनीज ओळखणारं थेंब टाकायचं टेस्ट किट घ्या, भंगाराच्या ढिगापुढं ते स्वस्तच पडतं.

३४७ चे तुकडे आले तर त्यातलं नायोबियम तसंच राहतं. कार्बनबरोबर दाण्यांच्या कडेला नायोबियम कार्बाइडची पानं तयार होतात, ती तापवून क्वेंच केलं तरी विरघळत नाहीत. इलाँगेशन अचानक पडलं आणि बाकी सगळं ठीक असलं तर स्पेक्ट्रोवर (केमिस्ट्री मोजायच्या यंत्रावर) नायोबियमचा चॅनेल बघा.

---

खर्चवाला

एवढा खटाटोप कशाला? कार्बनला ०.०८ पर्यंत परवानगी आहे. लो कार्बन फेरोक्रोमऐवजी थोडं हाय कार्बन मारा, कार्बन ०.०७ करा. कार्बनच्या प्रत्येक ०.०१ ला साडेतीन एमपीए म्हणताय ना, १४ एमपीए फुकटात मिळाले. १९६ अधिक १४ म्हणजे २१०. पास!

---

धातुशास्त्र_कागल

फुकटात नाही मिळत, भाऊ. निकेल बाजूत कार्बनला ३० नं गुणायचं असतं. कार्बन ०.०४ वाढला की निकेल बाजू १.२ नं वाढते, गुणोत्तर १.०२ वरून ०.९५ वर येतं, फेराइटचे दोन-तीन टक्के आणखी जातात. म्हणजे १४ मिळवून ५ ते ७ परत केले. हातात राहिले आठेक. २०४ ला अडकाल.

त्याहून मोठी अडचण वेल्ड रिपेअरची. व्हॉल्व्ह बॉडीला हायड्रो टेस्टनंतर कुठं ना कुठं टाका मारावा लागतोच. कार्बन ०.०७ असलेल्या मालात वेल्डच्या बाजूची पट्टी ४५० ते ८५० अंशांत रेंगाळली की क्रोमियम कार्बाइड दाण्यांच्या कडेला बसतं, कडेचं क्रोमियम १२ च्या खाली जातं आणि तिथूनच गंज सुरू होतो. प्रत्येक मोठ्या रिपेअरनंतर पूर्ण सोल्युशन ट्रीटमेंट (तापवून क्वेंच) परत करावी लागेल. त्यात मशीन झालेली बॉडी वाकडी होणार ती वेगळीच. फेराइट बऱ्यापैकी असला तर त्याच कार्बनचा त्रास कमी होतो, कारण कार्बाइड आधी फेराइटच्या कडांवर पडतं आणि तिथं क्रोमियम भरपूर असतं. पण तुम्ही तर फेराइटच घालवताय.

कार्बन ०.०४-०.०५ ला काही बिघडत नाही. तिथं ठेवा आणि त्यातून ताकद मागू नका.

---

शिरोली_मेल्ट

आभार. चार्ज तसाच लावतो. तीन शंका. एक, फेराइट १२ केला की चुंबक परत चिकटणार, इन्स्पेक्टरला काय दाखवू? दोन, फेराइटनं ताकद येते तर २०-२५ का नाही करायचा? तीन, हीट ट्रीटमेंट आहे तीच ठेवू का?

---

धातुशास्त्र_कागल

चुंबकाचं आधी. भांड्यांच्या दुकानात पत्र्याला चुंबक लावून बघायची सवय आहे, तीच इन्स्पेक्टरनं कास्टिंगला लावली. वर म्हटलंय तसं, २०० सिरीजचा भेसळीचा माल या परीक्षेत पास होतो आणि बरोबर ओतलेलं सीएफ८एम नापास. ए३५१ मध्ये चुंबकाची अट नाही. टीसीला स्पेक्ट्रो रिपोर्ट, पीएमआय आणि फेरिटस्कोपचं (फेराइट मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग जोडा, आणि ए८०० चा हिशेब त्याखाली लिहून द्या. ऑर्डर घेतानाच "फेराइट ८ ते १६ टक्के, ए८०० प्रमाणे" ही ओळ टाकून घेतली तर पुढचा वाद संपतो.

फेरिटस्कोप मशीन केलेल्या जागेवर लावा, काळ्या सालीवर नाही. पाच-सहा जागी घेऊन सरासरी काढा. जाड भागात एकाच बॉडीवर ८ आणि १४ दोन्ही सापडतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आलेखही काही टक्के इकडंतिकडं होतोच.

आता २०-२५ का नाही. फेराइट जास्त काळ ३०० ते ५०० अंशांत राहिला की त्याच्यात क्रोमियमनं भरलेले बारीक भाग वेगळे होतात, माल कडक आणि ठिसूळ होतो. ४७५ अंशांच्या आसपास हे सगळ्यात वेगानं होतं. सीएफ८ए ४२५ अंशांच्या वर वापरू नये अशी टीप स्टँडर्डमध्ये आहे, ती याचसाठी. तुमची रसाची लाइन शंभर-एकशेदहा अंशांची, तिथं हा धोका नाही. पण हीच बॉडी उद्या गरम तेलाच्या किंवा सुपरहीटेड वाफेच्या लाइनला गेली तर १२ सुद्धा जास्त होईल, हे गिऱ्हाइकाला विचारून घ्या.

दुसरा धोका सिग्माचा, आणि तो तुमच्या फाउंड्रीतच तयार होतो. ६०० ते ९०० अंशांमधून कास्टिंग साच्यात हळू थंड होतं, त्या वेळात फेराइटमधूनच सिग्मा निघतो. मॉली आणि सिलिकॉन दोन्ही त्याला घाई करतात. फेराइट २५ केला तर सिग्माला तेवढं जास्त खाद्य. सिलिकॉनला ए३५१ मध्ये १.५ पर्यंत मुभा आहे, तरी मी १.१-१.२ ला थांबा म्हणतो ते यासाठीच. सिलिकॉननं धातू पातळ वाहतो म्हणून मेल्टरला तो आवडतो आणि हात सैल सुटतो.

म्हणून हीट ट्रीटमेंट आहे तशी चालणार नाही. स्टँडर्डला किमान १०४० अंश लागतात, १०६० कागदावर बसतं. पण मॉलीवाल्या मालातला सिग्मा विरघळायला १०९० ते ११२० अंश ठेवा. वेळ दर २५ मिमीला एक तास, म्हणजे ४० मिमीला दोन तास धरा. हा वेळ कास्टिंग तापल्यानंतरचा, भट्टीचा काटा पोचल्यापासूनचा नव्हे. टोपलीच्या मध्यभागी थर्मोकपल लावा. दार उघडल्यापासून पाण्यात जाईपर्यंत एक मिनिटाच्या आत. जाड फ्लँज पाण्यात स्थिर ठेवला तर वाफेचा पडदा धरून बसतो, टोपली वरखाली हलवत राहा.

सिग्मा राहिलाय का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. सिग्माला चुंबक लागत नाही. आलेख १२ सांगतोय आणि फेरिटस्कोप ३-४ दाखवतोय, वर इलाँगेशन २० च्या आसपास आलं, की समजा सिग्मा विरघळलेला नाही. अशा वेळी यूटीएस छान दिसतो, त्याला भुलू नका. ही बॉडी परत १११० ला घालून क्वेंच केली की सुधारते.

आणि फेराइट खरंच भरपूर हवा असेल, ईल्ड दुप्पट हवं असेल, तर सीएफ८एम ताणण्यात अर्थ नाही. ड्युप्लेक्सच घ्या. ए८९० चा ४ए ग्रेड, क्रोमियम २१ ते २३.५, निकेल ४.५ ते ६.५, मॉली अडीच ते साडेतीन, नायट्रोजन ०.१ ते ०.३. ईल्ड किमान ४१५, यूटीएस ६२०, इलाँगेशन २५. निम्मा फेराइट, निम्मा ऑस्टेनाइट, निकेल तुमच्यापेक्षा निम्मं. मात्र तिथं क्वेंचला थोडा उशीर झालेलासुद्धा खपत नाही.

---

पंप_हातकणंगले

विषय निघालाच आहे तर एक विचारतो. कारखान्याच्या पंपांचे इंपेलर (फिरणारी पाती) सीए१५ या स्टेनलेसच्या ग्रेडमध्ये ओतून घेतो. कडकपणा येतो पण व्हेनच्या मुळाशी तडे जातात. इथंही फेराइट वाढवायचा का?

---

धातुशास्त्र_कागल

उलटं. तुमचा माल मार्टेन्सिटिक (तापवून गार केल्यावर कडक होणारा), तिथं ताकद कार्बन आणि टेम्परिंगवर (नंतर मध्यम तापवून ठिसूळपणा कमी करण्यावर) ठरते आणि डेल्टा फेराइट नुसती घाण करतो. सीए१५ मध्ये कार्बन ०.१५ पर्यंत, क्रोमियम ११.५ ते १४, निकेल एकच्या खाली. कार्बन थोडा कमी पडला आणि क्रोमियम १३.५ च्या वर गेलं की फेराइटचे पट्टे राहतात आणि तडा त्यांच्याच कडेनं पळतो. कार्बन वर नेला तर मार्टेन्साइट ठिसूळ आणि वेल्डिंगला डोकेदुखी.

सीए६एनएम वर जा. कार्बन ०.०६ च्या खाली, निकेल ३.५ ते ४.५, मॉली ०.४ ते १. इथं मात्र निकेल कामाला येतं. कार्बन काढून घेतल्यावर फेराइट होऊ न देता पूर्ण मार्टेन्साइट मिळवून देणारं तेच. ईल्ड ५५०, यूटीएस ७५५, इलाँगेशन १५, आणि टफनेस सीए१५ पेक्षा कितीतरी बरा.

फसगत हीट ट्रीटमेंटमध्ये होते. १०१० अंशांच्या वर तापवून हवेत गार करायचं आणि टेम्परला घालण्याआधी कास्टिंग ९५ अंशांच्या खाली आलंच पाहिजे. निकेलमुळं मार्टेन्साइट पूर्ण व्हायचं तापमान खाली सरकतं. दुपारी काढलेलं कास्टिंग बाहेरून हाताला सोसतंय म्हणून हबकडं (मधल्या जाड भागाकडं) न बघता टेम्परला टाकलं, तर आत अर्धवट ऑस्टेनाइट राहतो आणि टेम्परनंतर त्याचं कच्चं मार्टेन्साइट होतं. हबवर थर्मोकपल किंवा निदान टेम्परेचर चॉक लावा. टेम्पर ५६५ ते ६२० च्या आत. "आणखी मऊ करू" म्हणून ६५० ला नेलं तर नवा ऑस्टेनाइट तयार होऊन गार होताना परत कडक होतो. मग हार्डनेस वाढलेला बघून लोक टेम्पर आणखी वर नेतात.

---

गोकुळशिरगाव_लॅडल

सीए६एनएम ओतणार असाल तर रिटर्न वेगळ्या पिंपात, रंग मारून. हे चुंबकाला घट्ट चिकटतं म्हणून लोक माइल्ड स्टीलच्या ढिगात टाकतात आणि पुढच्या ग्रे आयर्नच्या हीटला क्रोमियम जाऊन कास्टिंग ड्रिलला लागत नाही.

---

शिरोली_मेल्ट

शेवटचं. फेल हीटच्या बॉडी ओतून, फेटलिंग होऊन पडल्यात. १९६ चं २०५ करायला परत हीट ट्रीटमेंट करून उपयोग होईल का?

---

धातुशास्त्र_कागल

नाही. परत तापवून क्वेंच केल्यानं सिग्मा-कार्बाइड विरघळतात, ते तुमच्यात नाहीतच. तापमान वाढवून फेराइट एखादा टक्का वाढेल, म्हणजे अडीच एमपीए. त्यात दाणा वाढायची भीती. आधी यूटीएम_उद्यमनगर म्हणतात तसं त्याच हीटचा दुसरा बार एक्स्टेन्सोमीटर लावून ओढा. २०५ ला पोचला नाही तर गिऱ्हाइकाकडे सवलत मागा. लाइन कमी दाबाची आहे, डिझाइनवाला भिंतीच्या जाडीवरून हिशेब करून मान्य करू शकतो. पण ते लेखी घ्या, आणि टीसीवर १९६ च लिहा.

---

गोकुळशिरगाव_लॅडल

सवलत नाही मिळाली तर तोडून रिटर्नमध्येच टाका. वरच्या हिशेबातले २०० किलो त्यातूनच निघतील, निकेल-मॉली कुठं जात नाही. फक्त वाळू पूर्ण झाडून, शॉट ब्लास्ट करून मगच चार्जला घ्या, नाहीतर स्लॅग वाढतो आणि लायनिंग खातं. आणि एका हीटमध्ये रिटर्न ४०-४५ टक्क्यांच्या वर नको. प्रत्येक फेरीला तांबं, फॉस्फरस थोडं थोडं साचत जातं, ते इंडक्शनमध्ये कमी करता येत नाही. फॉस्फरस ०.०४ ही हद्द, ०.०३५ दिसायला लागला की पुढची हीट ताज्या ३०४ च्या भंगारावर घ्या.